साखरपुडा, हॉल भाड्याने, खुर्च्या ठीक

बाई, तुमच्या शोकसभेत माईक शिट्टी मारत होता.

पहिलं हेच सांगतो, कारण तुम्ही असतात तर मान वळवून माझ्याकडे बघितलं असतंत आणि चूक नसताना मला ऐकून घ्यावं लागलं असतं. साउंड माझा नव्हता. मला कोणी विचारलंही नाही. शाळेचा हॉल, शाळेचाच स्पीकर, आणि तो ठेवलेला बोलणाऱ्याच्या पाठीमागे. असं ठेवलं की माईक आपलाच आवाज ऐकत बसतो आणि किंचाळतो. दोन भाषणं मी दात आवळून सहन केली. तिसऱ्याला उठलो आणि स्पीकर पुढे ओढायला गेलो. लोकांना वाटलं मला भरून आलंय. एका बाईंनी माझ्या हातात फुलं दिली. समोर तुमचा फोटो, हातात फुलं आणि माझं लक्ष वायरीत. फुलं स्पीकरवर ठेवली आणि काम केलं. शिट्टी थांबली. त्या दिवशी तुमच्यासाठी मी एवढंच केलं.

मग त्यांनी यादी वाचली. ‘वरच्या हॉलमधल्या गाजलेल्या मैफली.’ हॉलच्या जुन्या स्मरणिकेत छापलेली, तुमच्याच रजिस्टरांवरून उतरवलेली. वाचणाऱ्याचा आवाज जिथे कातर व्हायला हवा तिथे बरोबर कातर होत होता. मी हाताची घडी घालून उभा होतो. आपल्या माणसाचं नाव नाही हे माहीत असताना माणूस यादी शेवटपर्यंत का ऐकतो, मला सांगता येणार नाही. मी ऐकली. नव्हतं.

तुम्ही गेलात म्हणून माझा राग गेलेला नाही, हे आधीच लिहून ठेवतो. चांगलं लिहायला बाकीचे आहेत.

डोंबिवली पूर्वेला, खाली पिठाची गिरणी आणि वर दोनशे खुर्च्या. संगमरवरावर कोरलेलं लांबलचक नाव होतं, पण सगळे वरचा हॉलच म्हणायचे. तुम्ही शाळेत गाणं शिकवायचात आणि उरलेल्या वेळात त्या हॉलच्या चिटणीस होतात. मी विठ्ठलवाडीचा. सायकलला दोन कर्णे बांधून धंदा सुरू केलेला माणूस. लग्न, बारसं, जयंती, सत्यनारायण, कोणी मेलं तरी मीच. तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही माझ्या दोन मोठ्या पेट्यांकडे बघून म्हणालात, “साळवे, इथे गाणं आहे. मोर्चा नाही.”

मी म्हणालो, “बाई, दहाव्या रांगेला ऐकू नको का?”

“गळा असेल तर जातं.”

हे भांडण आपण पंधरा-सोळा वर्षं भांडलो. एकदा ऐन रंगात वीज गेली. माझा सगळा डोलारा मुका झाला. वयस्कर गवई होते, शाल पांघरून बसलेले, अंगात ताप. ते थांबलेच नाहीत. अंधारात तसाच मारवा गात राहिले आणि तुम्ही, पहिल्या रांगेतून, वळून माझ्याकडे बघितलंत. तो चेहरा मला दिसत नव्हता तरी दिसला. मीही कमी नव्हतो. पुढे वाकून कुजबुजलो, “दहाव्या रांगेत जाऊन विचारा.” तुम्ही खरंच उठलात, भिंत चाचपत दहाव्या रांगेपर्यंत गेलात आणि विचारून आलात. परत येऊन बसताना म्हणालात, “शब्दन् शब्द.” मी पुढच्या कार्यक्रमाला एक पेटी घरी ठेवली. सांगितलं नाही, पण तुमच्या लक्षात आलं होतं.

कार्यक्रम संपला की तुमची एक पद्धत होती. लोक गेले, खुर्च्या सरळ केल्या, की तुम्ही रिकाम्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत रजिस्टर मांडीवर घेऊन बसायचात. तारीख, कलाकार, साथ, राग. शेवटच्या रकान्यात एकच शब्द. ‘मैफल’ किंवा ‘कार्यक्रम’. वायरी गुंडाळता गुंडाळता मी एकदा विचारलं, “फरक काय?” तुम्ही म्हणालात, “कार्यक्रम होतो. मैफल व्हावी लागते.” मोठमोठ्या नावांना तुम्ही ‘कार्यक्रम’ लिहिलंत. एका बुवांनी ठाण्याहून निरोप पाठवला होता, माझ्यापुढे काय लिहिलंय कळेल का. तुम्ही कळवलंत, “पुन्हा या, मग कळवते.” आणि एका पोराची सतारीची तार तुटली, ती बदलेपर्यंत दोनशे माणसं हललीसुद्धा नाहीत, तेव्हा त्या अनोळखी पोरापुढे तुम्ही ‘मैफल’ लिहिलंत. मला तुमचा तो शब्द आवडायचा, बाई. मी भाव करणारा माणूस. पण तुमच्या त्या रकान्यात कोणाचा भाव चालत नाही हे मी बघत होतो. म्हणूनच तर मला तो हवा होता.

शेवंतामावशीसाठी हवा होता.

माझ्या आईची धाकटी बहीण. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. दिवसभर मांडीवर पँटी, हातात कात्री आणि तोंडात गाणं. जयंतीच्या गाड्यावर गायची, कोणाच्या घरी बारसं असलं की पाळणा गायची, मयताच्या घरी पुण्यानुमोदनाला गायची. बरीचशी गाणी तिचीच, तिनेच जुळवलेली. मी तुमच्याकडे दहा वर्षं बसून बसून जे ऐकायला शिकलो, त्या कानांनी एकदा तिला ऐकलं आणि मला घाम फुटला. आमच्या घरात हे होतं आणि मी पेट्या उचलत दुसऱ्यांच्या दारात बसलो होतो.

आधी सरळच विचारलं होतं मी तुम्हाला. आठवतं?

“बाई, माझी मावशी गाते.”

“काय गातात?”

“गाते.”

“कोणाकडे शिकल्या?”

“कोणाकडेच नाही.”

“राग वगैरे...”

“राग तिला येत नाही. मला येतो.”

तुम्ही हसलात. मोकळं हसलात, तोंडावर पदर न घेता. म्हणालात, समितीपुढे ठेवते. महिन्याने मी विचारलं तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत सांगितलंत की समितीतले एक जण म्हणाले, जयंतीच्या गाण्यांना मैदानं आहेत की. कोण म्हणालं ते मी विचारलं नाही. तुम्ही काय म्हणालात ते विचारलं. तुम्ही रजिस्टर उघडून काहीतरी शोधायला लागलात.

मग मी माझ्या पद्धतीने केलं. गाण्याला समितीची परवानगी लागायची. मुंज, बारसं, साखरपुडा याला लागायची नाही, नुसता अर्ज भरायचा. मी अर्ज भरला. रविवार सकाळ, दहा ते एक. कारण: साखरपुडा. खाली माझी सही, मोठी.

हुशारीच्या भरात एक गोष्ट विसरलो. मैफलीच्या दिवशी खालच्या गिरणीवाल्याला बंद ठेवायला मीच पटवायचो. त्या दिवशी कोणत्या तोंडाने सांगू? साखरपुड्याला कोणी गिरणी बंद ठेवत नाही. रविवार सकाळ म्हणजे दळणाची गर्दी. मावशी स्टेजवर बसली, समोर विठ्ठलवाडीची आणि कारखान्यातली साठेक माणसं, जीन्सवाल्या बायका चांगल्या साड्या नेसून आलेल्या, आणि खालून जमीन घूं करतेय.

तेवढ्यात तुम्ही आलात. खासगी समारंभाला अर्धा तास येऊन बघायचा तुमचा नियमच होता. पडद्याला टाचण्या लावल्यात का, स्टेजवर चपला आहेत का. तुम्ही हॉलभर नजर फिरवलीत आणि माझ्यापाशी आलात.

“नवरा-नवरी कुठेत?”

“येतायत. ट्रॅफिक.”

“रविवारी? सकाळी दहाला?”

“दिवा स्टेशनकडून येतायत, बाई. रेल्वे फाटकात अडकले असतील.”

तुम्ही शेवटच्या रांगेत जाऊन बसलात, नवरा-नवरीची वाट बघत. मी मिक्सरवर हात ठेवून उभा. वाटलं, आता ही उठेल आणि सगळ्यांना खाली घालवेल.

मावशीने डोळे मिटले, मान जरा वाकडी करून खालची गिरणी ऐकली, आणि गिरणीचाच स्वर घेऊन सुरू केलं. आयुष्यभर ती मशिनच्या आवाजातच गायलेली. तिला ती घरघर म्हणजे अडचण नव्हती, आधार होता. पहिला पाळणा झाला. दुसरं तिचं पाण्याचं गाणं. ‘दोर तुमचा, घागर माझी, पाणी कोणाचं सांगा गं.’ एवढीच ओळ ती दहा वेळा म्हणाली आणि दहा वेळा ‘सांगा गं’ वेगळं आलं. एकदा विनवणी, एकदा टोमणा, एकदा असं की समोरच्या बायकांनी माना खाली घातल्या. मी आवाज कमी केला. कोणी न सांगता, मिक्सरचे सगळे खटके खाली ओढले. दहाव्या रांगेपर्यंत जात होतं.

मी मागे बघितलं तर तुमची खुर्ची रिकामी. वाटलं, समितीला फोन करायला गेली असणार.

तुम्ही कपाट उघडायला गेला होतात. तंबोरा घेऊन आलात, स्टेजच्या पायऱ्या चढलात, चपला खाली काढून, आणि मावशीच्या मागे बसलात. मावशी घाबरली. “बाई, ते नका ओ. मला त्यातलं काय कळत नाय.”

तुम्ही म्हणालात, “तुम्ही गा. हा तुमच्या मागून येईल.”

आणि तुम्ही तंबोरा गिरणीला लावलात. खुंट्या पिळत, कान खाली लावून, त्या पिठाच्या चक्कीशी तारा जुळवल्यात. इतकी वर्षं शुद्ध स्वर, शुद्ध स्वर करणाऱ्या बाईने. दीड तास तुम्ही वाजवत होतात. तुमच्या समोर नवरा नव्हता, नवरी नव्हती, आणि तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

संपल्यावर तंबोऱ्याला गवसणी घालताना मला म्हणालात, “आले नाहीत वाटतं अजून.” मी म्हणालो, “नाही.” तुम्ही म्हणालात, “बरं झालं.”

त्या एका वाक्यावर मी आठवडाभर हवेत होतो. मावशीला सांगून टाकलं, तुझं नाव लागणार. ती म्हणाली, “कुठं रे लागणार?” मी म्हणालो, “मोठ्या वहीत. जिथं मोठ्या मोठ्यांची हाय.” पुढच्या शनिवारी तुम्ही चहा सांगायला बाहेर गेलात तेव्हा मी रजिस्टर उघडलं.

‘साखरपुडा. हॉल भाड्याने. खुर्च्या ठीक.’

खुर्च्या ठीक! बाई, मी आयुष्यात पुष्कळ अपमान गिळलेत आणि पुष्कळ परत केलेत. हा मला ना गिळता आला ना परत करता आला. तुम्ही आत आलात तेव्हा मी कसा ओरडलो ते खालच्या गिरणीवाल्यानेही ऐकलं. तुम्ही शांतपणे अर्ज काढून समोर धरलात.

“सही कोणाची?”

“अर्जावर माझी. तंबोऱ्यावर कोणाची होती?”

“खोटं तुम्ही लिहिलंत, साळवे. आणि खोडायचं मी?”

“मग तुम्ही पण खोटंच लिहिलंत.”

“मी अर्जात होतं ते लिहिलं. एकदा मी शब्द फिरवला की बाकीच्या सगळ्या पानांवर कोण विश्वास ठेवेल?”

हे तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. समितीला कळलं असतं की परवानगी नाकारलेल्या बाईमागे चिटणीस स्वतः तंबोरा घेऊन बसल्या, तर तुमची खुर्ची गेली असती. दीड तास तुम्ही कोणाला घाबरला नाहीत आणि मग जन्मभर घाबरलात. हे मी तुमच्या तोंडावर कधी बोललो नाही. आता बोलतो.

त्यानंतर किती वर्षं मी भाव केला. प्रत्येक वेळी नवीन. समितीतले जुने लोक गेल्यावर म्हणालो, आता कोण विचारतंय? तुम्ही म्हणालात, मी विचारते ना. स्मरणिका निघाली तेव्हा म्हणालो, रजिस्टरला हात लावू नका, नुसतं यादीत घाला. तुम्ही म्हणालात, यादी रजिस्टरवरूनच होणार. एकदा मी कंटाळून भाव उतरवला.

“मैफल राहू द्या. ‘कार्यक्रम’ तरी लिहा.”

तुम्ही इतक्या भडकलात की हातातली किल्ली टेबलावर आपटलीत. “तो कार्यक्रम नव्हता, साळवे!”

“मग काय होतं?”

तुम्ही गप्प.  धंद्यात असा क्षण आला की समोरचा हरलेला असतो, फक्त थांबायचं असतं. मी थांबलो. तुम्ही किल्ली उचललीत आणि म्हणालात, “कपाटाला कुलूप लावते.” आपलं भांडण तिथेच राहिलंय. तुम्ही ते सोबत घेऊन गेलात की इथे ठेवून गेलात, ठाऊक नाही.

मग हॉलच गेला. पुनर्विकास. खाली गिरणी नाही, वर हॉल नाही, आता तिथे चार मजले गाड्या उभ्या राहतात आणि त्यावर माणसं. नव्या इमारतीत हॉल देणार असं कागदावर होतं. कागदावर काय काय असतं ते तुम्हाला आणि मला सांगायला नको. खुर्च्या एका मंगल कार्यालयाने नेल्या. तंबोरा तुम्ही एका विद्यार्थिनीला दिलात. मी आता शीळ रोडच्या बँक्वेटमध्ये डीजे लावतो. खरे साखरपुडे. नवरा-नवरी वेळेवर येतात आणि काही ऐकू येत नाही.

रजिस्टरं तेवढी तुम्ही ठाकुर्लीला घरी नेलीत आणि खाटेखाली ठेवलीत.

तुम्ही आजारी पडल्यावर मी दोनदा आलो. दुसऱ्यांदा दुपारी. तुमच्याकडे कामाला असलेल्या सुनंदाने दार उघडलं. तुम्ही उशीला टेकून बसल्या होतात, आवाज एवढासा झालेला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं तुमच्यापुढे माईक ठेवावा.

तुम्ही म्हणालात, “लिहिलं मी.”

“काय?”

“तुम्हाला हवं होतं ते.”

अखेर ते ऐकलं. आणि तोंडातून काय निघालं? एवढ्या वर्षांची सवय. “दाखवा.”

तुमचा चेहरा बदलला. “माझ्या शब्दावर नाही भागत?”

“शब्दावर धंदा होत नाही, बाई.”

“हा धंदा आहे?”

“तुम्हीच म्हणायचात ना, रजिस्टरमध्ये असेल ते खरं. दाखवा.”

“आधी खरं माना. मग दाखवते.”

“आधी दाखवा. मग मानतो.”

सुनंदा मध्ये पडली. “अहो काका, बाईंना बोलवत नाहीये. खाली वाका आणि बघा ना, तिथंच तर आहेत.” तुम्ही म्हणालात, “नाही. हात लावायचा नाही.” आणि मी, बाई, मी म्हणालो, “मला गरज नाही. माल बघितल्याशिवाय मी पावती देत नाही.” आणि चपला घातल्या.

दोन हात अंतरावर होती ती वही. एक गुडघा टेकला असता तर दिसली असती. तुम्ही काय मला अडवणार होतात? तुमच्याने उठवत नव्हतं. पण तुमचा हट्ट की मी न बघता मानावं, आणि माझा हट्ट की तुम्ही आधी दाखवावं. जिन्यात मी ठरवलं, आठवडाभर जाऊ द्यायचा. समोरच्याला थोडं तंगवलं की तो खाली येतो. हा माझा धंद्याचा नियम. तुम्ही नवव्या दिवशी गेलात.

तुमचं घर तुमच्या पुतण्याने रिकामं केलं. मी ठाण्याला त्याच्याकडे गेलो, घोडबंदरला, बाविसाव्या मजल्यावर. चांगला मुलगा आहे, पाणी दिलं, बसवलं. “काका, जुन्या वह्या ना? त्या पुस्तकांबरोबर गेल्या. खालच्या सगळ्याला वाळवी लागलेली. तुम्ही आधी बोलला असतात तर ठेवल्या असत्या.” मी त्याच्यावर ओरडलो. त्याने ऐकून घेतलं. त्याला वाटलं मी दुःखात आहे.

रद्दीवाला ठाकुर्लीचाच निघाला. त्याने भिवंडीच्या गोदामाचा पत्ता दिला. गेलो. तिथे कागदाचे गठ्ठे दाबून, पट्ट्या आवळून उभे केलेले, माझ्या डोक्याच्या दुप्पट. मुकादमाला म्हणालो, अकरा रजिस्टरं, काळे पुठ्ठे, लाल कणा. तो माझ्याकडे बघत राहिला. “चाचा, यहाँ रोज गाड़ी जाती है. आपका माल तो कबका गल गया होगा.” मी तरी दोन तास गठ्ठ्यांच्या कडा बघत फिरलो. कुठे शाळेच्या वह्या, कुठे बँकेची पासबुकं, एका ठिकाणी लग्नपत्रिकाच लग्नपत्रिका. तुमचं अक्षर लांबून ओळखू येईल असं होतं. नाही दिसलं.

म्हणजे आता तुमचा शब्दच उरला. मेलेल्या माणसाचं खरं मानावं म्हणतात. मी रोज सकाळी प्रयत्न करतो. तुम्ही खोटं बोलणाऱ्या नव्हतात, हे मलाही कळतं. पण तुम्ही शब्द फिरवणाऱ्याही नव्हतात. मग त्या खाटेवर यातलं काय सोडलं होतंत? मरणाऱ्या बाईने कटकट्या माणसाला घालवायला बोलावं तसं तर बोलला नाहीत ना? दुपारपर्यंत माझं मन पुन्हा म्हणतं, दाखवा.

परवा विठ्ठलवाडीला गेलो. मावशी आता खाटेवरच असते. कान जड झालेत, डोकं शाबूत. तुम्ही गेल्याचं कानावर घालायला गेलो होतो. जोरात सांगावं लागलं.

“तंबोरेवाली बाई? गेली?” मावशीने विचारलं. मग म्हणाली, “लई हळू वाजवायची. मागं कोण बसलंय असं वाटायचं पण नाय, आणि हाय असं पण वाटायचं.”

मी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

“पक्या, ते वहीचं काय झालं? लिहिलं का तिनं?”

“लिहिलं.”

“तू बघितलं?”

“बघितलं मावशी. ‘मैफल’ लिहिलंय.”

अर्जावर साखरपुडा लिहिला होता, तितक्याच सहज बोललो.  मावशीने मान डोलावली. तिच्या तोंडावर जे आलं ते बघायला तुम्ही हव्या होतात. तेवढ्यासाठी मी आणखी शंभर वेळा खोटं बोललो असतो.

मग तिने विचारलं, “आणि माझं नाव कसं लिहिलंय? नुसतं शेवंता, का शेवंताबाई?”

बाई, जन्मभर मी लोकांच्या तोंडावर भाव फेकलेत. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर तयार असतं. एवढा एकच शब्द जोडायचा होता. आणि मी थांबलो. खरंच आठवायला लागलो, जणू ते पान माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि मी नीट बघितलं तर दिसेल.

मग म्हणालो, “शेवंताबाई.” पण उशीर झाला होता. धागे कापणारीचे डोळे आहेत ते. तिने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे.

“बरं,” म्हणाली. “ऱ्हाऊ दे.”

मी तिथेच बसून राहिलो.  काय लिहिलं होतंत, बाई?